मोतीबिंदू व काचबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांतील ओलाव्याची निगा

पन्नाशी उलटल्यानंतर ग्रामीण भागातील स्त्रीपुरुषांची दृष्टी मंदावण्याच्या कारणांत मोतीबिंदूला फार मोठे स्थान आहे. सन २०१५ ते २०१९ ह्या काळात देशात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत, पन्नास वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांत आढळलेल्या अंधत्वापैकी सुमारे ६६ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे आल्याचे दिसून आले. सुदैवाने हे अंधत्व शस्त्रक्रियेने दूर होऊ शकते. सन १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला व ही सोय हळूहळू खेड्यांतील लोकांच्या आटोक्यात आली. आज पुष्कळ रुग्ण शस्त्रक्रिया करून घेऊन त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी परततात.

पट्टी निघाल्यावर बांधावरून येणाऱ्या माणसाचा चेहरा ओळखू येतो व घरात समाधान पसरते. परंतु चार-आठ दिवसांत त्याच डोळ्यात कचरा गेल्यासारखे वाटू लागते. डोळा चुरचुरतो, वाऱ्यावर गेल्यास पाणी वाहते, मध्येच अंधुक दिसते आणि पापण्या मिटल्या की पुन्हा स्पष्ट दिसते. रुग्णास वाटते की शस्त्रक्रिया बिघडली. ही वार्ता गावात पसरते आणि ज्यांना शस्त्रक्रियेची खरी गरज आहे तेही माघार घेतात. काचबिंदूच्या रुग्णाच्या बाबतीत नुकसान ह्याहून मोठे होते. औषधाच्या थेंबांनी डोळा जळतो म्हणून तो थेंबच बंद करतो, आणि गेलेली दृष्टी पुन्हा मिळत नाही.

बहुतेक वेळा ह्या चुरचुरीचे कारण डोळ्याच्या आत नसते. डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रूंचा जो अतिशय पातळ थर असतो, त्याची घडी शस्त्रक्रियेमुळे व औषधांमुळे काही काळ विस्कटते. ही घडी पुन्हा कशी बसते, त्यासाठी काय करावे आणि कोणती लक्षणे दिसताच विलंब न लावता रुग्णालय गाठावे, हे गावातील प्रत्येक कार्यकर्त्यास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

अश्रूंच्या थराची रचना

रडताना वाहतात तेवढेच अश्रू नव्हेत. जागेपणी डोळ्याच्या बुबुळावर व पांढऱ्या भागावर अश्रूंचे एक पटल सतत पसरलेले असते. त्याची जाडी एका मिलिमीटरच्या सुमारे तीनशेव्या भागाइतकीच असते. पापण्या मिनिटाला साधारणपणे पंधरा वेळा लवतात व प्रत्येक वेळी हे पटल नव्याने सारवले जाते.

ह्या पटलाचे तीन घटक आहेत. सर्वांत खालचा थर बुळबुळीत असतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ आवरणातील विशिष्ट पेशी तो तयार करतात, व त्याच्यायोगे पाणी डोळ्याला धरून राहते. मधला थर पाण्याचा असतो. तो वरच्या पापणीआडच्या अश्रुग्रंथींतून येतो व त्यात जंतूंचा प्रतिकार करणारी द्रव्ये असतात. सर्वांत वर तेलाचा तलम थर असतो. पापण्यांच्या कडांवर ओळीने बसविलेल्या बारीक ग्रंथींतून हे तेल झिरपते.

शेतकऱ्यास ही रचना समजण्यास अवघड जाऊ नये. नुसते पाणी दिल्याने जमिनीत ओल टिकत नाही. ओल धरून ठेवण्यासाठी मातीत सेंद्रिय अंश हवा आणि ती उडून जाऊ नये म्हणून वर आच्छादन हवे. डोळ्यातील बुळबुळीत थर सेंद्रिय अंशाचे काम करतो व तेलाचा थर आच्छादनाचे. ह्यांपैकी एकही उणा पडला तर पाणी पुरेसे असूनही डोळा कोरडा पडतो.

ह्या पटलाची कामे तीन आहेत. बुबुळावरील पारदर्शक पडद्यास, म्हणजे पारपटलास, रक्तवाहिन्या नसतात. त्यास लागणारा प्राणवायू मुख्यत्वे हवेतून अश्रूंत विरघळून मिळतो. धूळ व जंतू धुऊन काढणे हे दुसरे काम. तिसरे काम दृष्टीचे आहे. बाहेरून येणारा प्रकाश प्रथम ह्या ओल्या पृष्ठभागावरच वळतो. तो पृष्ठभाग गुळगुळीत नसेल तर आत कितीही चांगले भिंग बसविलेले असले तरी चित्र अंधुक दिसते. शस्त्रक्रियेनंतर पापण्या लवताच क्षणभर स्पष्ट दिसते व पुन्हा धूसर होते, त्याचे कारण बहुधा हेच असते.

कोरड्या डोळ्यातून पाणी का वाहते

डोळ्यातून सारखे पाणी येत असताना डॉक्टरांनी डोळा कोरडा आहे असे सांगितले, तर रुग्णाचा विश्वास बसत नाही. परंतु ह्यात विसंगती नाही. पटल जागोजागी फाटले की पारपटलावरील चेतातंतू उघडे पडून डिवचले जातात, आणि अश्रुग्रंथी एकदम भरपूर पाणी सोडते. ह्या पाण्यास बुळबुळीत थराची व तेलाची जोड पुरेशी नसते; ते गालावर ओघळून जाते. वळवाची सर कडक जमिनीवरून वाहून जाते व मुळांशी ओल पोचत नाही, तसाच हा प्रकार होय. म्हणून केवळ पाणी येते एवढ्यावरून डोळ्यात ओलावा भरपूर आहे असे मानू नये.

कोरडेपणा मोजण्याच्या रीती सोप्या आहेत. टिपकागदाची पाच मिलिमीटर रुंदीची पट्टी खालच्या पापणीत अडकवून पाच मिनिटांत ती किती ओली होते हे पाहतात. ऑटो शर्मर नावाच्या जर्मन नेत्रवैद्याने १९०३ साली ही रीत सांगितली व ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. भूल न देता केलेल्या तपासणीत दहा मिलिमीटरच्या वर ओल आल्यास पाणी पुरेसे समजतात. पाच मिलिमीटरच्या खाली आल्यास ते फारच कमी समजतात. दुसऱ्या रीतीत डोळ्यात पिवळा रंग लावून, पापणी लवल्यानंतर पटल किती सेकंदांत फाटते हे पाहतात. दहा सेकंदांच्या आत ते फाटल्यास पटल अस्थिर आहे असे ठरते.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेने काय घडते

मोतीबिंदूत डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होते. ते काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवितात. असे भिंग पहिल्यांदा हॅरॉल्ड रिडले ह्या इंग्रज शल्यविशारदाने १९४९ साली लंडन येथे बसविले. पूर्वी ह्या शस्त्रक्रियेसाठी डोळ्यास मोठा छेद घ्यावा लागे व टाके घालावे लागत. चार्ल्स केलमन ह्या अमेरिकी डॉक्टराने १९६७ साली श्रवणातीत ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेण्याची पद्धत प्रथम वापरली. तिच्यात आता दोन ते तीन मिलिमीटरचा छेद पुरतो. आपल्या देशात दुसरी एक पद्धतही मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तीत डोळ्याच्या पांढऱ्या भागातून सुमारे सहा-सात मिलिमीटरचा तिरपा बोगदा करून भिंग बाहेर काढतात व बहुधा टाके घालावे लागत नाहीत. कमी खर्चात व थोड्या साधनांनी ती चांगली होते.

छेद लहान असला तरी पृष्ठभागास काही इजा होतेच. पारपटलात चेतातंतूंचे जाळे शरीराच्या त्वचेपेक्षा कित्येक पटींनी दाट असते. छेदाच्या जागी हे तंतू तुटतात. तेथील संवेदना काही महिने मंद राहते, त्यामुळे पापण्या कमी लवतात व अश्रुग्रंथीस पाणी सोडण्याची सूचनाही कमी मिळते. पांढऱ्या भागातून बोगदा करताना तेथील आवरण बाजूस सारावे लागते, म्हणून बुळबुळीत थर तयार करणाऱ्या पेशी दुखावतात. शस्त्रक्रियेच्या वेळी डोळा उघडा ठेवलेला असतो व त्यावर सूक्ष्मदर्शकाचा प्रखर प्रकाश असतो. जंतुनाशासाठी आधी आयोडीनयुक्त औषध घालावे लागते. त्याने पृष्ठभागावरील पेशींना थोडा त्रास होतो, पण जंतुसंसर्ग टाळण्यासाठी ते अपरिहार्य आहे. पुढे काही आठवडे चालणाऱ्या थेंबांतील परिरक्षक द्रव्येही पटलास बोचतात.

ह्या सर्वांचा परिणाम म्हणून कोरडेपणाची लक्षणे सामान्यतः पहिल्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक जाणवतात. त्यानंतर ती ओसरू लागतात व बहुतेकांच्या बाबतीत एक ते तीन महिन्यांत डोळा पूर्वस्थितीवर येतो. तुटलेले तंतू हळूहळू वाढतात. ज्यांचा डोळा मुळातच कोरडा होता, ज्यांच्या पापण्यांच्या कडा सुजलेल्या असतात, ज्यांना मधुमेह किंवा संधिवात आहे, अशांना अधिक काळ लागतो. मासिक पाळी थांबलेल्या वयाच्या स्त्रियांमध्येही कोरडेपणा अधिक आढळतो. सर्दी-खाजेवरील काही गोळ्यांनी अश्रू आणखी कमी होतात.

काचबिंदूची बाब निराळी आहे

काचबिंदूत बहुधा डोळ्यातील दाब वाढतो व मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस हळूहळू सुकते. डोळ्यातील दाब साधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. तथापि काहींची नस ह्या मर्यादेतील दाबानेही सुकते. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने परत येते, काचबिंदूने गेलेली येत नाही. काचबिंदूवरील सर्व उपचार उरलेली दृष्टी राखण्यासाठी असतात. हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळ रुग्ण, नजर सुधारली नाही म्हणून निराश होऊन उपचार सोडतात.

दाब कमी करणारे थेंब रुग्णास वर्षानुवर्षे घालावे लागतात. थेंबांच्या बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून पुष्कळ औषधांत बेन्झाल्कोनियम क्लोराईड नावाचे द्रव्य मिसळलेले असते. त्याचा गुण काहीसा साबणासारखा आहे. ते अश्रूंवरील तेलाचा थर फोडते व बुळबुळीत थर तयार करणाऱ्या पेशींची संख्या घटवते. दोन-तीन प्रकारचे थेंब दिवसातून अनेकदा वर्षानुवर्षे घातल्यावर डोळा लाल, खरखरीत व कोरडा होतो. म्हणजे काचबिंदूचा रुग्ण शस्त्रक्रियेस येतो तेव्हाच त्याच्या डोळ्याचा पृष्ठभाग पुष्कळदा थकलेला असतो. अशा दाहलेल्या आवरणात शस्त्रक्रियेनंतर व्रण अधिक धरतो व केलेला मार्ग बुजण्याचा संभव वाढतो.

थेंबांनी दाब आटोक्यात न राहिल्यास करावयाच्या शस्त्रक्रियेची आजची प्रमुख रीत जे. ई. केर्न्स ह्या ब्रिटिश शल्यविशारदाने १९६८ साली मांडली. डोळ्याच्या आतील पाणी बाहेरील आवरणाखाली झिरपावे म्हणून पांढऱ्या भागात लहानसा मार्ग करतात. हे आतील पाणी म्हणजे अश्रू नव्हेत; ते डोळ्याच्या आतच तयार होते व त्याचा निचरा न झाल्याने दाब वाढतो. पाणथळ जमिनीस चर काढून द्यावा तशी ही योजना आहे. चराच्या तोंडाशी, वरच्या पापणीखाली, आवरणाचा लहान फुगवटा तयार होतो. चर बुजू नये म्हणून पुष्कळदा मायटोमायसीन हे औषध लावतात. त्याने व्रण धरण्याचे थांबते, परंतु त्या जागचे आवरण पातळ व रक्तवाहिन्याविरहित होते व तेथील बुळबुळीत थर उणावतो.

ह्या फुगवट्याचा अश्रूंच्या पटलाशी थेट संबंध येतो. पापणी त्यावरून नीट सरकत नाही व पटल सारखे पसरत नाही. सपाटीकरण न झालेल्या शेतात उंचवट्याच्या कडेची पट्टी पाण्यावाचून राहते, त्याप्रमाणे फुगवट्यालगतच्या पारपटलाची एखादी कड सुकून तेथे खळगा पडू शकतो. रुग्णास सतत काहीतरी टोचल्याची भावना होते. टाक्यांची टोकेही काही दिवस बोचतात. मात्र शस्त्रक्रिया यशस्वी होऊन पूर्वीचे थेंब कमी झाले किंवा बंद झाले, तर पृष्ठभागास विसावा मिळतो व पुढील काही महिन्यांत तो सुधारू शकतो. थेंब कमी करावयाचे की बंद करावयाचे, हे दाब मोजून डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते.

शस्त्रक्रियेपूर्वीच पाहणी करून घ्यावी

पेरणीपूर्वी जमिनीची मशागत करावी तसे शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्याच्या पृष्ठभागाकडे लक्ष देणे हिताचे असते. ह्याचे एक विशेष कारण आहे. कृत्रिम भिंगाचा नंबर ठरविताना पारपटलाचा बाक मोजावा लागतो, आणि ते मोजमाप ओल्या पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशावरून घेतात. पटल जागोजागी फाटलेले असेल तर मोजमाप चुकते व भिंगाचा नंबरही चुकू शकतो. म्हणून डोळ्यास खाज, चुरचुर किंवा सकाळी पापण्या चिकटण्याचा त्रास असल्यास तो तपासणीच्या वेळीच सांगावा. मधुमेह, संधिवात व चालू असलेली सर्व औषधे ह्यांचीही माहिती द्यावी. काही दिवसांच्या उपचारांसाठी शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेल्यास नाराज होऊ नये.

ह्याचा अर्थ स्वतःहून दिरंगाई करावी असा मात्र नव्हे. मोतीबिंदू पूर्ण पिकेपर्यंत थांबण्याची गरज आता राहिलेली नाही. फार पिकलेला मोतीबिंदू कठीण होतो व कधीकधी त्यामुळेच डोळ्यातील दाब वाढतो.

घरी व शेतात घ्यावयाची काळजी

शस्त्रक्रियेनंतर कामावर केव्हा परतावे हे डॉक्टरांना विचारावे व कोणते काम करतो हेही स्पष्ट सांगावे. नुसते शेती असे न सांगता फवारणी, मळणी, कडबा कापणी, दूध काढणे अशी कामे नावाने सांगावीत. पहिले काही आठवडे उफणणी, मळणी यंत्राजवळचे काम, ऊसतोड, औषध फवारणी आणि गोठ्याची झाडलोट ही कामे घरातील दुसऱ्या माणसाकडे सोपवावीत. ह्यास केवळ कोरडेपणा हेच कारण नाही. छेदाजवळची संवेदना मंद असल्याने त्या डोळ्यात कुसळ किंवा उसाच्या पानाची कड लागली तरी पुरेसे दुखत नाही, आणि जखम ध्यानातच येत नाही. वनस्पतीच्या अशा ओरखड्यातून बुरशीचा संसर्ग होऊन पारपटलावर फूल पडते. शेतकऱ्यांच्या डोळ्यांचे ह्या रोगाने फार नुकसान होते.

बाहेर पडताना बाजूंनी झाकणारा चष्मा वापरावा. दुचाकीवर बसताना तो अवश्य असावा. पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नये. चुलीसमोर बसणाऱ्या स्त्रीस शस्त्रक्रियेनंतर धुरापासून दूर ठेवणे हे घरच्यांचे कर्तव्य समजावे; सून किंवा मुलगी नसेल तर पुरुषांनी चूल सांभाळावी. डोक्यावरून आंघोळ, विहिरीत वा नदीत पोहणे आणि डोळ्यावर पाण्याचे हबके मारणे ही सर्व डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत वर्ज्य करावीत. चेहरा ओल्या स्वच्छ कापडाने पुसावा. पदराने किंवा उपरण्याने डोळा चोळू नये. काचबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांनी तर डोळा चोळण्याची सवय जन्मभरासाठी सोडावी.

मोबाइलकडे व दूरचित्रवाणीकडे टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात. म्हणून मधूनमधून डोळे सावकाश मिटावेत व उघडावेत. पापण्यांच्या कडांतील तेल घट्ट झाले असल्यास कोमट पाण्याच्या कापडाने शेकण्याचा उपयोग होतो, परंतु शस्त्रक्रियेनंतर तो उपाय डॉक्टरांच्या परवानगीनेच, आणि डोळ्यावर दाब न देता, करावा.

कोरडेपणासाठी डॉक्टर कृत्रिम अश्रू देतात. त्यांत कार्बॉक्सिमेथिल सेल्युलोज किंवा हायल्युरोनेट ह्यांसारखी ओल धरून ठेवणारी द्रव्ये असतात. ती वारंवार घालावी लागत असल्यास परिरक्षक नसलेली औषधे घेणे बरे. काचबिंदूच्या काही औषधांतही असे प्रकार मिळतात. थेंबांनी फार जळजळ होत असल्यास थेंब बंद न करता डॉक्टरांना विचारून औषधाचा प्रकार बदलून घ्यावा.

थेंब घालण्याची रीत

औषध योग्य असूनही ते चुकीच्या रीतीने घातल्यास वाया जाते. डोळ्यात एका वेळी सुमारे सात मायक्रोलिटर अश्रू असतात, आणि बाटलीतील एक थेंब त्याच्या चार-पाच पट असतो. अर्थात एकच थेंब पुरेसा होतो. दुसरा गालावर ओघळतो.

प्रथम साबणाने हात धुवावेत. रुग्णास निजवावे किंवा मान मागे टेकवून बसवावे. खालची पापणी अलगद खाली ओढून तयार होणाऱ्या खोबणीत एक थेंब सोडावा. बाटलीचे टोक डोळ्यास, पापणीस वा बोटास लागू देऊ नये. नंतर डोळा सावकाश मिटून, नाकाजवळचा कोपरा बोटाने हलकेच दाबून एक-दोन मिनिटे तसेच राहावे. त्यामुळे औषध नाकात उतरत नाही. शस्त्रक्रिया ताजी असल्यास कोपरा दाबावा की नाही हे आधी विचारून घ्यावे. दोन औषधे असल्यास त्यांत निदान पाच मिनिटांचे अंतर ठेवावे. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी, आणि पत्रकात निराळे सांगितले नसल्यास चार आठवड्यांनंतर ती टाकून द्यावी. वाचता न येणाऱ्या रुग्णांसाठी प्रत्येक बाटलीस वेगळ्या रंगाचा दोरा बांधण्याची युक्ती उपयोगी पडते.

घरगुती उपाय व उरलेल्या बाटल्या

डोळा चुरचुरू लागला की मध, एरंडेल, अंगावरचे दूध, गुलाबपाणी, काजळ किंवा झाडपाल्याचा रस घालण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा हेतू चांगला असतो, परंतु ह्यांपैकी कोणताही पदार्थ घरात निर्जंतुक राहत नाही. शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यात असे काही घालणे म्हणजे उघड्या दारातून जंतूंस आत बोलावण्यासारखे आहे.

ह्याहूनही अधिक फसवा धोका उरलेल्या बाटल्यांचा आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर सूज उतरण्यासाठी स्टेरॉइडचे थेंब देतात. त्यांनी लाली व चुरचुर लवकर शमते, म्हणून पुढे केव्हाही डोळा लाल झाला की रुग्ण तीच बाटली पुन्हा आणवितो किंवा शेजाऱ्यास देतो. डॉक्टरांच्या देखरेखीवाचून ही औषधे चालू ठेवल्यास डोळ्यातील दाब वाढू शकतो आणि काचबिंदू उद्भवतो किंवा असलेला बळावतो. बुरशीचा संसर्ग असल्यास तो झपाट्याने फैलावतो. डोळ्यास बरे वाटत असतानाच दृष्टी जात असते.

साधा कोरडेपणा व धोक्याची लक्षणे

साधा कोरडेपणा कमीजास्त होत असतो. सकाळी तो कमी असतो, वाऱ्यावर व दिवस कलल्यावर वाढतो. डोळे मिटून थोडा वेळ पडल्यास आराम वाटतो, पापण्या लवल्यास दृष्टी स्पष्ट होते, आणि दिवसागणिक त्रास उणावत जातो. अशा रुग्णास धीर द्यावा व ठरलेल्या तारखेस तपासणीसाठी पाठवावे.

पुढील लक्षणे मात्र कोरडेपणाची नव्हेत. वेदना वाढत जाणे, दृष्टी एकाएकी किंवा दिवसागणिक कमी होणे, डोळा लालभडक होणे, पापणी सुजणे, पू किंवा घट्ट स्राव येणे, बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे, डोकेदुखी व मळमळ होऊन डोळा कठीण लागणे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाल्यास अशी लक्षणे दिसतात व काही तासांचा विलंबही दृष्टीस मुकवू शकतो. तेव्हा बाजाराच्या दिवसाची किंवा एसटीच्या सोयीची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे.

काचबिंदूच्या रुग्णाने दोन गोष्टी अधिक लक्षात ठेवाव्यात. फुगवट्याच्या पातळ आवरणातून जंतू आत शिरण्याचा धोका शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनीही असतो. म्हणून तो डोळा केव्हाही लाल झाला व त्यातून स्राव आला तर त्याच दिवशी दाखवावा. तसेच त्या डोळ्यातून सारखे पाणी येऊ लागल्यास ते कोरडेपणाचे पाणी आहे असे घरीच ठरवू नये. फुगवट्यास छिद्र पडून आतील पाणी गळत असण्याचा संभव असतो. हे तपासणीनेच कळते.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी वेदना न होता सावकाश अंधुक दिसू लागले, तर बहुधा भिंगामागील पडदा गढूळ झालेला असतो. लेझर किरणांनी तो थोड्या वेळात मोकळा करता येतो. तोही नेत्रतज्ज्ञास दाखवावा.

ग्रामकार्यकर्त्यांचे काम

रुग्णास शिबिरात नेऊन आणले की काम संपले असे मानण्याची प्रथा आहे. वास्तविक शस्त्रक्रियेनंतरचे तीन महिने तितकेच महत्त्वाचे असतात. गावातील आशा सेविका, आरोग्यसेविका, शेतकी कार्यकर्ते व पंचायतीचे सभासद ह्यांनी मिळून शस्त्रक्रिया झालेल्यांची एक वही ठेवावी. कोणता डोळा, कोणती शस्त्रक्रिया, तारीख, चालू थेंब आणि पुढील तपासणीचा दिवस एवढ्या पाच नोंदी पुरेत. पहिल्या आठवड्यात दोनदा व पुढे महिन्याने एकदा घरी जाऊन विचारपूस करावी. थेंब कोण घालतो हे पाहावे आणि एकदा समोर घालावयास लावावेत. सांगितलेल्यापेक्षा पाहिलेले अधिक काळ ध्यानात राहते.

काचबिंदूच्या रुग्णाची नोंद बंद करू नये. त्याचे औषध व दाबाची तपासणी आयुष्यभर चालावयाची असते. औषधावाचून राहिलेल्या रुग्णाचा शोध प्रथम घ्यावा. काचबिंदू कुटुंबात चालत येतो, म्हणून त्याच्या भावाबहिणींना व मुलांनाही तपासणीस पाठवावे.

शस्त्रक्रिया करून घेण्यास कचरणाऱ्या माणसास डोळा काही आठवडे चुरचुरेल हे आधीच सांगून ठेवावे. अगोदर सांगितलेला त्रास माणूस सोसतो. न सांगितलेल्या त्रासाने तो घाबरतो. आठव्या दिवशी डोळा बोचू लागला तर त्यास आपली फसवणूक झाली असे वाटणार नाही. तो थेंब वेळेवर घालील, डोळा चोळणार नाही व ठरल्या दिवशी तपासणीस जाईल. त्याचे अनुभव ऐकून गावातील दुसरा माणूसही शस्त्रक्रियेस तयार होईल.